सुटलेलं लंकेचं मेडल: अठ्ठावीस महिन्यांत मिळालेली सेवा

नोव्हेंबर २०२१ मध्ये फलटण तालुक्यात एका मित्राच्या दहाव्याला गेलो होतो. फोटोपुढं पोरानं बापाच्या मेडलांची पट्टी ठेवली होती. त्यात लंकेचं, म्हणजे श्रीलंकेत गेलेल्या आपल्या शांतिसेनेचं मेडल होतं. १९८८ साली आम्ही दोघं एकाच खंदकात आठ महिने काढले. वायरलेस सेट माझ्या पाठीवर, जादा बॅटऱ्या त्याच्या पिठ्ठूत. पोरगं म्हणालं, "काका, तुमचं लंकेचं मेडल कसं दिसलं नाही कधी? बाबा तर म्हणायचे तुम्ही बरोबर होता."

मी त्याला काही बोललो नाही. जानेवारी २०२२ मध्ये पहिला अर्ज दिला आणि मे २०२४ मध्ये मेडल हातात पडलं. या अठ्ठावीस महिन्यांत ज्या ज्या ठिकाणी गेलो तिथं कशी सेवा मिळाली, ते इथं लिहितोय. आपल्याकडं घरटी फौजी असलेली गावं आहेत. अनेकांच्या डिस्चार्ज बुकात, म्हणजे फौज सोडताना मिळणाऱ्या नोंदींच्या पुस्तकात, काही ना काही राहून गेलेलं असतं आणि कुठून सुरुवात करायची ते कुणी सांगत नाही.

माझं नाव ज्ञानदेव. कोरेगाव तालुका, जिल्हा सातारा. जानेवारी १९८४ ला भरती, ३१ जानेवारी २००८ ला हवालदार म्हणून डिस्चार्ज. रेजिमेंटचं आणि तिच्या सैनिकांच्या नोंदी ठेवणाऱ्या रेकॉर्ड ऑफिसचं नाव मुद्दाम लिहीत नाही. ज्या चुका सांगणार आहे त्या दोन-तीन माणसांच्या हातच्या आहेत, आणि पलटणीचं नाव घेतलं की बोट सगळ्या पलटणीकडं जातं.

माझ्या डिस्चार्ज बुकात चार मेडलं होती: सैन्य सेवा, ऑपरेशन विजय, ऑपरेशन पराक्रम आणि ९ वर्षांच्या सेवेचं. राहिली होती तीन. विशेष सेवा मेडल, म्हणजे फितीवर 'श्रीलंका' असा क्लास्प, धातूची छोटी नावपट्टी, असलेलं. स्वातंत्र्याच्या पन्नासाव्या वर्षाचं. आणि २० वर्षांच्या सेवेचं. शेवटची दोन सोपी होती. १५ ऑगस्ट १९९७ ला जो वर्दीत होता त्याला पन्नासाव्या वर्षाचं मेडल, आणि वीस वर्षं तर माझ्या भरतीच्या तारखेवरूनच मोजता येतात. लंकेचं तसं नव्हतं.

या मेडलांना पैसा नसतो, हे आधीच सांगतो. शौर्यपदकाला भत्ता असतो, मोहिमेच्या मेडलाला नसतो. पेन्शनमध्ये एक रुपया वाढत नाही. मला घरातल्यांनीही विचारलं, मग कशाला एवढी धावपळ. माझं म्हणणं एवढंच होतं की मी तिथं होतो आणि सरकारच्या कागदावर मी तिथं नव्हतो.

लंका म्हटलं की आता लोकांना आठवावं लागतं. कारगिल सगळ्यांना ठाऊक, कारण ते टीव्हीवर दिसलं. २९ जुलै १९८७ ला भारत आणि श्रीलंकेत करार झाला आणि आपली फौज शांतिसेना म्हणून समुद्र ओलांडून गेली. शेवटची तुकडी २४ मार्च १९९० ला परत आली. मधल्या काळात आपली अकराशेपेक्षा जास्त माणसं तिथं मारली गेली. मुंबईत जन्मलेले, ८ महारचे मेजर रामस्वामी परमेश्वरन २५ नोव्हेंबर १९८७ ला तिथंच पडले आणि त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. महार रेजिमेंटमध्ये आपल्या महाराष्ट्रातली केवढी पोरं आहेत, तरी आमच्या तालुक्यातल्या शाळेत मी त्यांचं नाव विचारलं तेव्हा एकाही मुलाला माहीत नव्हतं. लंकेच्या उत्तरेकडच्या जाफन्याची लाल माती, ताडाची झाडं, प्रत्येक घरामागं विहीर, हे सगळं माझ्या डोळ्यांपुढं अजून आहे. रात्री सेटवर दुसऱ्या कंपनीचा आवाज मध्येच बंद झाला की काय वाटायचं ते सांगता येत नाही.

आता सेवेबद्दल.

पहिलं ठिकाण जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय. माझा अनुभव चांगला आहे आणि तो मोकळेपणानं सांगतो. तिथं फी नाही. ओळखपत्र आणि डिस्चार्ज बुक घेऊन जायचं. कल्याण संघटक स्वतः माजी सैनिक होते, त्यामुळं मला 'पार्ट टू ऑर्डर' म्हणजे काय ते समजावून सांगावं लागलं नाही. इतरांसाठी सांगतो. फौजेत माणसाचं जे काही होतं, बदली, बढती, लग्न, मूल, रजा, कोर्स, मेडल, ते युनिट एका ऑर्डरमध्ये छापतं. तीच पार्ट टू ऑर्डर. ती रेकॉर्ड ऑफिसला जाते आणि तिथं तुमच्या शीट रोलवर, म्हणजे तुमच्या सगळ्या नोकरीच्या नोंदपत्रावर, चढते. शीट रोलवर चढलं तर तुमचं झालं. नाही चढलं तर तुम्ही शपथेवर सांगितलं तरी झालं नाही.

संघटकांनी माझ्या पहिल्या कच्च्या अर्जातलं एक अख्खं पान काढून टाकायला लावलं. मी त्यात लंकेत काय काय झालं ते लिहिलं होतं. ते म्हणाले, "हवालदार साहेब, हे वाचून मला भरून आलं, पण तिकडं जो क्लार्क हे उघडेल त्याला फक्त तीन गोष्टी पाहिजेत. नंबर, तारखा आणि कुठल्या युनिटबरोबर होता." वाईट वाटलं, पण त्यांचं बरोबर होतं. तीनही मेडलांसाठी त्यांनी तीन वेगळे अर्ज करायला सांगितले. एकात तिन्ही मागितली तर अवघड मेडलापायी सोपी दोन अडकतात. ही सूचना मला कुठंही वाचायला मिळाली नव्हती, आणि तिच्यामुळंच पन्नासाव्या वर्षाचं आणि वीस वर्षांचं अशी दोन मेडलं डिसेंबर २०२२ मध्येच रजिस्टर पोस्टानं घरी आली.

कार्यालयात उणीव एकच. तिथून अर्ज पुढं पाठवला की तो कुठवर पोचला हे कळायची सोय मला तरी मिळाली नाही. जावक नंबर मागून घ्या. मी पहिल्या खेपेला मागितला नाही आणि नुसता तो नंबर विचारायला पुन्हा साताऱ्याला एसटीनं गेलो.

दुसरं ठिकाण आमचं रेकॉर्ड ऑफिस. एप्रिल २०२२ मध्ये लंकेच्या अर्जाला उत्तर आलं. इंग्रजीत दोन ओळी. आमच्याकडील अभिलेखानुसार आपण सदर मेडलास पात्र नाही. खाली सही, सहीखाली शिक्का. काय तपासलं, कुठल्या वर्षाचं तपासलं, पुढं काय करायचं, काहीच नाही. ते पत्र मी दोन दिवस कुणाला दाखवलं नाही. बायकोनं चष्म्याच्या घरात घडी करून ठेवलेलं बघितलं तेव्हा तिला कळलं.

मी पुन्हा लिहिलं आणि बरोबर दोघा सोबत्यांची प्रतिज्ञापत्रं जोडली. जाफन्यात काढलेला एक फोटोही जोडला. त्याला उत्तर आलं की प्रतिज्ञापत्र चालत नाही, पार्ट टू ऑर्डरचा पुरावा द्या. यातही त्यांचा नियम चूक आहे असं मी म्हणणार नाही. नुसत्या सांगण्यावर मेडल द्यायला लागले तर त्या मेडलाला किंमत राहणार नाही. पण ती ऑर्डर सैनिकाकडं नसते, ती त्यांच्याच कपाटात असते. तिची प्रत कशी मागायची हे एका ओळीत त्यांनी लिहिलं असतं तर माझे पाच महिने वाचले असते.

त्या पाच महिन्यांत मी केलेली एक चूक सांगतो, कारण ती अनेकजण करतात. तालुक्याच्या गावी फौजी कामं करून देणारा एक एजंट आहे. पेन्शनचं, स्पर्शचं, ईसीएचएस म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या कार्डाचं, सगळं करून देतो म्हणतो. त्यानं चार हजार रुपये घेतले, "दिल्लीत आपला माणूस आहे" म्हणाला, आणि मी जो अर्ज स्वतः केला होता तोच टाइप करून त्याच पत्त्यावर पाठवला. स्पर्श हे पेन्शनचं पोर्टल आहे, मेडलाशी त्याचा संबंध नाही, हेसुद्धा मला नंतर कळलं. तो मात्र दर वेळी मोबाइलवर स्पर्शचं पान उघडून "प्रोसेसमध्ये आहे" असं दाखवायचा. पैसे परत मिळाले नाहीत. या सेवेला माझ्याकडून काही नाही. कुणाला गरज असेल तर सैनिक कल्याण कार्यालयात जा, तिथं हेच काम फुकट होतं.

खरा रस्ता सापडला तो माहितीच्या अधिकारातून. माझ्या पुतणीनं अर्ज लिहिला. ती डी.एड. करते. १० रुपयांची पोस्टल ऑर्डर, साध्या कागदावर अर्ज, त्या कार्यालयाच्या जनमाहिती अधिकाऱ्याच्या नावे. उत्तर ३० दिवसांत द्यावं लागतं, प्रतीला पानाला २ रुपये. काहीजणांचा समज आहे की फौजेला हा कायदा लागू नाही. कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत सूट दिलेल्या काही यंत्रणा आहेत, पण भूदल त्यात नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये मी स्वतःच्या शीट रोलची प्रत मागितली.

ती प्रत घरी आली त्या दिवसाबद्दल थोडं लिहितो. चोवीस वर्षं ज्या कागदानं माझं सगळं ठरवलं तो मी पहिल्यांदा बघत होतो. भरतीच्या वेळची उंची, छाती, गालावरच्या व्रणाची नोंद. लग्न. दोन्ही मुलांच्या जन्मतारखा. धाकट्याची एक दिवसानं चुकलेली. आणि १९८८. फेब्रुवारी ते सप्टेंबर, तिथं काही नाही. कागदावर मी त्या आठ महिन्यांत पीस स्टेशनला, म्हणजे लढाई नसलेल्या छावणीत, माझ्या युनिटमध्येच होतो. पान उलटून पालटून बघितलं, पुतणीला वाचायला लावलं. काही नाही.

झालं होतं असं. लंकेत गेलेल्या एका बटालियनला रेडिओ ऑपरेटर कमी पडत होते. आमच्या युनिटातून आम्ही सहा जण अटॅचमेंटवर गेलो. अटॅचमेंटवरचा माणूस म्हणजे दोन घरचा पाहुणा. पगार एकीकडं, जेवण दुसरीकडं, आणि नोंद कुणी घ्यायची यात गफलत व्हायला वाव. लंकेतल्या सेवेची ऑर्डर ज्या बटालियनबरोबर होतो तिनं काढायची होती. तिचं रेकॉर्ड ऑफिस वेगळं. म्हणजे माझा कागद असलाच तर तो दुसऱ्याच शहरात, दुसऱ्याच रेजिमेंटच्या कपाटात होता. आमच्या रेकॉर्ड ऑफिसनं 'आमच्याकडील अभिलेखानुसार' लिहिलं ते अक्षरशः खरं होतं.

पत्रांचं काय, असं कुणी विचारेल. आबांना पाठवलेली माझी बारा पत्रं आईनं ट्रंकेत जपली होती. पण सैनिकी टपालाच्या शिक्क्यावर फील्ड पोस्ट ऑफिसचा नंबर आणि तारीख असते, गावाचं नाव नसतं. ठिकाण कळू नये म्हणूनच तो नंबर असतो. आणि आत मी काय लिहिणार? मी खुशाल आहे, पाऊस झाला का, बैलाचं दुखणं कसं आहे. लंका हा शब्द बारा पत्रांत एकदाही नाही.

जानेवारी २०२३ मध्ये दुसरा माहिती अर्ज, त्या दुसऱ्या रेकॉर्ड ऑफिसला. इथली सेवा मात्र मी कधी विसरणार नाही. सव्वीसाव्या दिवशी लिफाफा आला. आत तीन पानं. पहिल्या दोन पानांवर १९८८ ची पार्ट टू ऑर्डर, अटॅच केलेल्या माणसांची यादी. तिसऱ्यावर १९८९ चं ऑब्झर्वेशन, म्हणजे ऑर्डरमध्ये काही जुळलं नाही की रेकॉर्डवाले युनिटला परत लिहितात तो कागद. त्यात एका ओळीत: नंबर आणि नाव जुळत नाही, दुरुस्त करून पाठवा.

ते नाव माझं होतं. मराठीत आपण ज्ञानदेव म्हणतो आणि इंग्रजीत ते डी, एन, वाय, ए असं सुरू होतं. भरतीच्या वेळी तसंच लिहिलं गेलं. त्या बटालियनचा क्लार्क हिंदी भाषक असावा. त्यानं कानाला ऐकू आलं तसं, 'ग्यानदेव', जी, वाय, ए असं लिहिलं. तेवढ्यानं अडलं नसतं, कारण फौजेत नाव नंतर आणि नंबर आधी. पण नंबरात दोन आकडे आलटून पालटून पडले होते. नंबराच्या शेवटी जे अक्षर असतं ते आकड्यांशी जुळावं लागतं, ते जुळेना. त्यामुळं ती ओळ कुणाच्याच शीट रोलवर चढली नाही. परत पाठवलेलं ऑब्झर्वेशन लंकेत युनिटला मिळालं की नाही, कागदावरून कळत नाही. बटालियन तोवर जाफन्याहून हलली होती. लढाईत असलेल्या युनिटच्या क्लार्कवर मला राग नाही. मी त्याला बघितलंही असेल, तंबूत कंदिलापाशी टाइप करताना. राग आहे तो तीस वर्षं तिथंच राहिलेल्या कागदाचा.

त्या लिफाफ्यासोबत एक छोटं पत्र होतं. अधिकाऱ्यानं नियमापलीकडं जाऊन दोन ओळी लिहिल्या होत्या की ही प्रत जोडून आपल्या रेकॉर्ड ऑफिसकडं दुरुस्तीचा अर्ज करावा, आणि आमच्याकडून पडताळणी मागितली तर आम्ही लगेच देऊ. कुणी मागितलं नव्हतं, त्यांनी स्वतःहून लिहिलं. पहिल्या कार्यालयाकडून मला नेमकं एवढंच हवं होतं.

मार्च २०२३ मध्ये तिसरा अर्ज, पुन्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत. या वेळी संघटकांनी सोबत एक तक्ता लावला: डाव्या बाजूला चुकीचा नंबर आणि नाव, उजव्या बाजूला बरोबर, आणि त्याच यादीतल्या माझ्या आधीच्या व नंतरच्या माणसाची नावं, जे दोघेही माझ्याच युनिटचे होते. हा तक्ता सगळ्यात कामाला आला असं मला वाटतं. बघणाऱ्याला एका नजरेत कळतं की मधली ओळ दुसऱ्या कुणाची असूच शकत नाही. मधल्या काळात एका वकिलाचा सल्लाही घेतला होता. सशस्त्र दल न्यायाधिकरण आहे, २००७ च्या कायद्यानं झालेलं, मुंबईत त्याचं खंडपीठ आहे. वकील भला माणूस होता, म्हणाला, आधी कागद मिळवा, मग दुरुस्ती मागा, नाकारली तरच तिकडं जाऊ. जावं लागलं नाही.

जून गेला, ऑगस्ट गेला. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी एक स्मरणपत्र, त्यात मागच्या पत्राचा जावक नंबर. ऑक्टोबर २०२३ मध्ये उत्तर आलं की नोंद दुरुस्त केली आहे आणि मेडलाचा क्लेम पुढं पाठवला आहे. सोबत नव्या पार्ट टू ऑर्डरची प्रत. १९८८ च्या फेब्रुवारी ते सप्टेंबर या जागेत आता 'श्रीलंका' लिहिलं आहे. मेडल यायला अजून सात महिने लागले, पण मला विचाराल तर काम त्या दिवशी झालं. त्या कागदाची मी दोन लॅमिनेशन केली. एक घरात, एक मुलाकडं पुण्याला.

म्हणून रेकॉर्ड ऑफिसला मी पूर्ण वाईट म्हणणार नाही. पहिली दोन उत्तरं न बघता दिलेली होती असं माझं ठाम मत आहे. पण तिसऱ्या वेळी ज्यानं कुणी फाइल उघडली, त्यानं पस्तीस वर्षांपूर्वीची ओळ जुळवून बघायचे कष्ट घेतले. त्याचं नाव मला माहीत नाही. आभाराचं पत्र त्या पदाच्या नावानं पाठवलं आहे.

एक गोष्ट घाईची. ज्यांना पेन्शन नाही, म्हणजे पाच-सात वर्षं नोकरी करून जे बाहेर पडले, त्यांची कागदपत्रं रेकॉर्ड ऑफिस २५ वर्षांनी नष्ट करतं. १९९० च्या दशकात बाहेर पडलेल्या लोकांची मुदत संपलेली आहे, त्यानंतर लगेच बाहेर पडलेल्यांची संपत आलेली आहे किंवा संपलेली आहे. तुमच्या ओळखीत असा कुणी असेल तर त्याला आजच शीट रोलची प्रत मागायला सांगा. मेडल मागायचं की नाही ते नंतर ठरवा.

आता शेवटची सेवा, दुकान. फौजेतल्या प्रत्येक छावणीच्या बाजारात मेडलं विकणारी दुकानं असतात. तिथं कुठलंही मेडल लगेच मिळतं. खरं मेडल यायला वेळ लागतो म्हणून नोकरीत असतानाही पोरं तिथूनच घेऊन परेडला लावतात, आम्हीही लावली. पण त्याची कड कोरी असते. सरकारकडून आलेल्या मेडलाच्या कडेवर तुमचा नंबर, हुद्दा आणि नाव कोरलेलं असतं. मला कित्येकजण म्हणाले, दीडशे रुपयांत मिळतं ते घे आणि लाव, कोण कड बघतंय. मी लंकेचं कधीच विकत घेतलं नाही. डिस्चार्ज बुकात नाही ते छातीवर लावायचं नाही.

मे २०२४ मध्ये रजिस्टर पोस्टानं छोटी पेटी आली. खिडकीजवळ जाऊन कड वाचली. डी, एन, वाय, ए. एकेक अक्षर बोट ठेवून वाचलं आणि नंबर दोनदा मोजला. बरोबर होतं. मग बायकोच्या हातात दिलं.

पट्टी बसवायला पुण्याच्या लष्कर भागात गेलो. दुकान लहान आहे, काका आणि त्यांचा भाचा दोघंच बसतात. नाव लिहू नका म्हणाले, हाताशी असलेलं कामच उरकत नाही. त्यांचं काम बघण्यासारखं आहे. आधी सातही मेडलं मखमलीवर उलटी ठेवून प्रत्येकाची कड भिंगातून वाचली. त्यात माझं ऑपरेशन विजयचं निघालं कोरं. खरं मेडल घरी पेटीत होतं आणि मी इतकी वर्षं बाजारातलं लावत होतो, माझ्याही लक्षात नव्हतं. ते त्यांनी बाजूला काढलं आणि म्हणाले, "साहेब, बाकी सहा खरी असताना हे एक असं नको. घरचं घेऊन या, मी थांबतो." दुसऱ्या खेपेला जावं लागलं, भाडं गेलं, पण त्यांनी सांगितलं नसतं तर मला वाईट वाटलं असतं.

मेडलांचा क्रम त्यांना तोंडपाठ. विशेष सेवा मेडल माझ्या बाकीच्या सगळ्यांच्या आधी येतं, म्हणजे ते रांगेत पहिलं, छातीच्या मध्याकडं. जुनी पट्टी सगळी उसवावी लागली. वीस वर्षांचं नऊच्या आधी. लंकेच्या मेडलाची फीत त्यांच्याकडं शिल्लक नव्हती. साधारण तशाच रंगाची दुसरी होती, ती दाखवलीसुद्धा नाही. तीन आठवडे थांबायला लावलं आणि बरोबर ती आणली. मेडलं एकमेकांवर आपटू नयेत म्हणून मागं ताठ पट्टीवर बसवून, फीत खालपर्यंत ओढून टाके घातले आहेत. टाका समोरून दिसत नाही. सातांचे साडेआठशे रुपये झाले. तक्रार दोन: फोन उचलत नाहीत, आणि सोमवारी बंद असतं हे कुठं लिहिलेलं नाही. मी पहिल्यांदा सोमवारीच गेलो होतो.

१५ ऑगस्ट २०२४ ला गावात झेंडावंदनाला पट्टी लावली. त्याच दिवशी दुपारी फलटणला गेलो, मित्राच्या घरी. पोरानं बापाचं मेडल काढून आणलं आणि दोन्ही शेजारी ठेवून कडा वाचल्या. दोन वेगळ्या रेजिमेंटचे नंबर, एकच क्लास्प.

आम्हा सहा जणांतला अजून एक, कोल्हापूर जिल्ह्यातला, त्याच यादीत माझ्या खाली दोन नावं सोडून आहे. त्याचंही मेडल आलेलं नाही. त्याचा नंबर बरोबर छापलाय, नाव अर्धंच आहे. माझ्या तक्त्याचा फोटो त्याला पाठवला. त्यानं गेल्या सोमवारी त्यांच्या जिल्ह्याच्या सैनिक कल्याण कार्यालयात अर्ज दिला आणि संध्याकाळी पोचपावती मला पाठवली. जावक नंबर मागून घेतलाय का, एवढंच मी त्याला विचारलं. घेतलाय म्हणाला.